अनवट जागा शोधायच्या कशा? लोणारच्या विवरापासून अर्स्लनबोबच्या अक्रोडांपर्यंत

‘जगातली दहा अनवट ठिकाणं’ असं इंटरनेटवर शोधलं की पहिल्या पानावर येणारी नावं आपल्याआधी लाखो लोकांनी वाचलेली असतात. त्यातले बरेच जण बॅगा भरून निघालेलेही असतात. म्हणून तयार याद्यांच्या मागे लागण्यापेक्षा जागा शोधण्याची पद्धत शिकून घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. ती पद्धत टप्प्याटप्प्याने सांगतो आणि उदाहरणासाठी किर्गिझस्तानातलं अर्स्लनबोब हे गाव सोबत ठेवतो. जागा सापडण्यापासून तिथे पोहोचेपर्यंतचे बहुतेक सगळे प्रश्न या एका गावात भेटतात.

पहिली पायरी: देश बाजूला ठेवा, विषय धरा

‘यंदा कुठला देश करायचा?’ हा प्रश्न आपल्याला राजधानी, मोठा चौक आणि प्रसिद्ध पूल याच वाटेने नेतो. त्याऐवजी स्वतःला विचारा, मला कशात रस आहे? दगड, झाडं, विणकाम, रेल्वे, जुनी चित्रं, मीठ, घोडे, काहीही चालेल. विषय जितका नेमका, तितकी जागा वेगळी निघते.

लोणार घ्या. बुलढाणा जिल्ह्यातलं हे सरोवर बेसॉल्टमध्ये उल्का आदळून तयार झालं, हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. आता ‘आघातविवर’ हाच विषय धरून पुढे जा. जर्मनीत नोर्डलिंगेन नावाचं तटबंदीचं गाव आहे. ते सुमारे २४ किलोमीटर व्यासाच्या, दीड कोटी वर्षं जुन्या विवराच्या पोटात वसलेलं आहे. तटावरून गावाला पूर्ण फेरी मारता येते. तिथल्या सेंट जॉर्ज चर्चचे दगड आघाताच्या उष्णतेत वितळून पुन्हा घट्ट झालेल्या खडकाचे आहेत. हे विवर ज्वालामुखीचं नसून आघाताचं आहे, हे १९६० मध्ये सिद्ध झालं. १९७० मध्ये अपोलो मोहिमेच्या अंतराळवीरांना खडक ओळखायला इथेच आणलं होतं. याच धाग्याने आफ्रिकेत जा. घानामध्ये कुमासी शहराजवळ बोसुमत्वी हे विवर-सरोवर आहे. असांटी लोक ते पवित्र मानतात. धातूचा स्पर्श पाण्याला होऊ नये म्हणून तिथले कोळी परंपरेने लाकडाच्या फळीवर पालथे पडून हातांनी वल्हवत मासेमारी करतात. ‘जर्मनी’ किंवा ‘घाना’ असं शोधून या दोन जागा सहजी हाती लागल्या नसत्या.

चित्रकलेची आवड असेल तर उझबेकिस्तानातल्या नुकुस शहराचं नाव निघेल. इगोर सावित्स्की या चित्रकार-संग्राहकाने १९६६ मध्ये तिथे संग्रहालय सुरू केलं आणि सोव्हिएत सत्तेला नको असलेली रशियन चित्रं वाळवंटाच्या कडेला जमा केली. मॉस्कोपासून इतकं लांब होतं म्हणूनच हे साधलं. आडवाटेला असणं हाच या संग्रहालयाचा इतिहास आहे. मी ‘अनवट’ म्हणतो ते या अर्थाने: जागा जिथे आहे तिथेच का आहे, याचं उत्तर जागेवर उभं राहिल्यावर मिळायला हवं.

माणसं हाही विषय होऊ शकतो. मॉरिशसला समुद्रकिनाऱ्यासाठी जाणारे पुष्कळ आहेत. पण पोर्ट लुईचा अप्रवासी घाट, म्हणजे १८३४ पासून भारतीय करारबद्ध मजूर जिथे उतरले ती जागा, निवांतपणे पाहणारे कमी. त्या मजुरांत कोकणातली माणसं होती. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी शिकतात आणि गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. त्या दिवसांत गेलात तर वेगळाच मॉरिशस दिसेल.

आमच्या उदाहरणाचा विषय आहे अक्रोड. हे झाड लागवडीशिवाय, रानात, डोंगरच्या डोंगर व्यापून कुठे उगवतं? या प्रश्नाचं उत्तर दक्षिण किर्गिझस्तानात नेतं.

दुसरी पायरी: पर्यटकांसाठी न बनवलेल्या याद्या चाळा

विषय ठरला की जागा कुठून काढायच्या? तज्ज्ञांनी स्वतःच्या कामासाठी केलेल्या याद्या हे माझं सगळ्यात आवडतं साधन आहे.

युनेस्कोची जागतिक वारसा यादी सगळ्यांना ठाऊक असते. तिच्या मागे उभी असलेली ‘तात्पुरती यादी’ फार कमी जण उघडतात. देशांनी भविष्यातल्या नामांकनासाठी सुचवलेल्या दीड हजारांहून अधिक जागा तिच्यात आहेत आणि प्रत्येकीबरोबर वर्णनही आहे. कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये याच यादीत गेली. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळ ही नावं त्यात आहेत. आपल्या घराजवळच्या या नोंदी आधी वाचा, म्हणजे यादी कशी वाचायची याचा अंदाज येईल. मग तीच पद्धत दुसऱ्या देशाला लावा. जागा तात्पुरत्या यादीतून मुख्य यादीत गेली की गर्दी वाढते. आपले बारा मराठा किल्ले २०२५ मध्ये मुख्य यादीत गेले, त्यामुळे हा बदल आपल्याला जवळून पाहायला मिळतो आहे.

शेतीत रस असेल तर संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची ‘जागतिक महत्त्वाच्या कृषी वारसा पद्धतीं’ची यादी उघडा. भाताच्या खाचरात मासे आणि बदकं एकत्र पाळणारी चीनमधली दोंग लोकांची गावं, चिलीच्या चिलोए बेटावरचे बटाट्याचे देशी वाण, इजिप्तच्या सिवा मरुद्यानातली खजुराची शेती, स्पेनच्या अन्याना खोऱ्यातली मिठागरं हे सगळं त्यात आहे. भारतातून कोरापुट, कुट्टनाड आणि काश्मीरचं केशर आहे. पाणथळ जागांसाठी रामसर यादी आहे. लोणार २०२० पासून तिच्यातही आहे. खडकांच्या वेडाला युनेस्कोची भू-उद्यानं (जिओपार्क) पुरेत.

याद्या चाळताना लगेच निवड करू नका. वहीत दहा-बारा नावं लिहा आणि प्रत्येकीपुढे एकच वाक्य: इथे मला नेमकं काय पाहायचं आहे? ते वाक्य लिहिता आलं नाही तर नाव खोडा. निम्मी नावं इथेच गळतात आणि ते चांगलंच असतं.

तिसरी पायरी: तिथल्या लिपीत शोधा

हा टप्पा लोक सर्रास वगळतात. विकिपीडियावर गावाचं पान उघडा आणि ‘इतर भाषा’मधून तिथल्या भाषेच्या पानावर जा. इंग्रजी पान दोन परिच्छेदांचं आणि स्थानिक भाषेतलं पान लांबलचक असेल, तर समजा की जागा महत्त्वाची आहे, फक्त बाहेर पोहोचलेली नाही. तिथलं मूळ लिपीतलं नाव उचला आणि तेच यूट्यूबवर, नकाशावर आणि छायाचित्रांच्या शोधात टाका. भाषांतराची सोय आता फोनमध्येच असते.

अर्स्लनबोबसाठी किर्गिझ, रशियन आणि उझबेक अशा तिन्ही पद्धतीने नाव टाकून पाहावं, कारण गावात बहुतांश वस्ती उझबेक आहे. स्थानिक माणसाने फोनवर काढलेल्या थरथरत्या व्हिडिओत रस्त्याची अवस्था, बाजार, घरातली पथारी, पावसाळी चिखल सगळं दिसतं. प्रवासी कंपनीच्या सुबक व्हिडिओत यातलं काही नसतं.

छायाचित्राची तारीख मात्र नेहमी तपासा. जॉर्जियातलं चियातुरा हे मँगनीजच्या खाणींचं गाव खोल दरीत आहे. खाणकामगारांना वर नेण्यासाठी तिथे १९५४ पासून रोपवे बांधले गेले. त्या गंजलेल्या पेट्यांची छायाचित्रं अजून सगळीकडे फिरतात. पण २०२१ मध्ये नवे रोपवे सुरू झाले आणि त्या जुन्या पेट्यांतून आता प्रवास होत नाही. खाणगावाचा इतिहास बघायला जरूर जा, पण जुन्या पेटीत बसायच्या आशेने गेलात तर हिरमोड होईल.

चौथी पायरी: उपग्रहातून उतरा, शेवटचे पन्नास किलोमीटर मोजा

नकाशावर उपग्रहदृश्य लावा आणि गावापर्यंतच्या रस्त्यावरून बोट फिरवत या. डांबर कुठे संपतं, नदीवर पूल आहे का, खिंड किती उंच आहे हे पाहा. मोठ्या शहरापर्यंत विमान मिळतंच. खरा प्रश्न शेवटच्या पन्नास किलोमीटरचा असतो आणि बेत तिथेच फसतात.

अर्स्लनबोबचं गणित असं आहे. दिल्लीहून किर्गिझस्तानची राजधानी बिश्केकला थेट विमानं असतात. बिश्केकहून दक्षिणेतल्या ओश शहराला विमानाने तासाभरात पोहोचता येतं, किंवा शेअर टॅक्सीने दिवसभराचा प्रवास करता येतो. रस्ता तीन हजार मीटरहून उंच दोन खिंडी ओलांडतो आणि तोक्तोगुल जलाशयाच्या काठाने जातो. दिवस हाताशी असेल तर मी रस्ताच सुचवेन, मात्र हिवाळ्यात नको. हिमस्खलनाने खिंडी बंद पडतात. याच रस्त्यावर, ओशच्या अलीकडे, बझार-कोर्गोन हे बाजाराचं गाव लागतं. तिथून अर्स्लनबोबला मार्श्रुत्का, म्हणजे तिकडची वडाप, किंवा शेअर टॅक्सी मिळते. रस्ता तास-दीड तासाचा. या गाड्यांना वेळापत्रक नसतं, भरली की सुटते. म्हणून बझार-कोर्गोनला दुपार व्हायच्या आत पोहोचायचं, हा नियम ठेवा. जगात जिथे जिथे अशी वाहनं आहेत तिथे सगळीकडे हा नियम लागू पडतो.

नकाशा फोनवर उतरवून घ्या. ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर, आधारलेल्या ॲपमध्ये पायवाटा आणि झरे चांगले दाखवलेले असतात. बिश्केक आणि ओश शहरांत टूजीआयएस हे ॲप अधिक कामाचं आहे.

पाचवी पायरी: ऋतू ठरवा, मगच सुट्टी मागा

आपण बहुतेकदा उलटं करतो: दिवाळीची किंवा मेची सुट्टी पक्की असते आणि जागा तिच्यात कोंबतो. विषय धरून निघालात तर त्या विषयाचा हंगाम तुमची तारीख ठरवतो.

अर्स्लनबोबला अक्रोडाची वेचणी साधारण सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये होते. वनखात्याकडून रानाचे तुकडे कुटुंबांना भाडेपट्ट्याने दिलेले असतात. त्या दिवसांत घरंच्या घरं तंबू घेऊन रानात मुक्कामाला जातात. कुणी झाडावर चढून फांद्या हलवतं, बाकीचे खाली वेचतात आणि हिरव्या सालीने सगळ्यांची बोटं काळी झालेली असतात. हे पाहायचं असेल तर जुलैत जाऊन उपयोग नाही. जुलैत हिरवं रान, दोन धबधबे आणि सुखद हवा मिळेल, पण वेचणी नाही. वसंतात उशिरा कडाका पडला की मोहर जळतो आणि त्या वर्षी पीक बेताचं येतं. म्हणून निघण्याआधी महिनाभर तिथल्या लोकांना संदेश पाठवून ‘यंदा अक्रोड कसा आहे?’ असं सरळ विचारा.

कुणाला विचारायचं? किर्गिझस्तानात ‘कम्युनिटी बेस्ड टुरिझम’ म्हणजे सीबीटी नावाची घरगुती मुक्कामांची व्यवस्था आहे आणि अर्स्लनबोबमध्ये तिचं कार्यालय आहे. ते पाळीने घरं ठरवून देतात, वाटाड्या आणि घोडा मिळवून देतात आणि पैसे गावात राहतात. अशी स्थानिक व्यवस्था जिथे सापडेल तिथे मोठ्या बुकिंग संकेतस्थळाआधी तिच्याशी बोला. निवडलेल्या देशात अशी व्यवस्था नसेल तर गावातली शाळा, संग्रहालय किंवा सहकारी संस्था शोधून तिथे लिहावं. तिथून अनेकदा उत्तर येतं.

सहावी पायरी: ‘कुणी जात नाही’ याचं कारण शोधा

हे सगळ्यात महत्त्वाचं. काही जागा केवळ माहीत नसल्यामुळे रिकाम्या असतात. काही जागा रिकाम्या असण्याला सबळ कारण असतं. दोन्हींतला फरक तुम्हाला कळलाच पाहिजे, आणि इथे उत्साहाच्या भरात डोळेझाक करू नका, अशी कळकळीची विनंती आहे.

देश एकसंध पाहू नका, जिल्हावार पाहा. किर्गिझस्तानच्या बातकेन प्रांतात सप्टेंबर २०२२ मध्ये ताजिकिस्तानच्या सीमेवर लढाई झाली. मार्च २०२५ मध्ये दोन्ही देशांनी सीमाकरार केला. अर्स्लनबोब त्या भागात नाही, पण नकाशावर दोन्ही ‘दक्षिण किर्गिझस्तान’च. मे २०२४ मध्ये बिश्केकमध्ये परदेशी विद्यार्थ्यांवर जमावाने हल्ले केले, तेव्हा भारतीय दूतावासाने विद्यार्थ्यांना घरातच थांबायला सांगितलं होतं. अशा बातम्या वाचून बेत रद्दच करावा असं नाही. मात्र तिकीट काढताना एकदा आणि निघण्याच्या आठवड्यात एकदा दूतावासाच्या सूचना वाचाव्यात. ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याच्या सूचना प्रदेशवार नकाशासह असतात, त्याही ताडून पाहाव्यात. लाओसच्या शिएंगखुआंग पठारावर हजारो वर्षं जुने प्रचंड दगडी रांजण आहेत, २०१९ पासून जागतिक वारसा. पण १९६४ ते १९७३ मध्ये अमेरिकेने टाकलेले न फुटलेले बॉम्ब अजून त्या जमिनीत आहेत. तिथे साफ केलेल्या, खुणा केलेल्या वाटेच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही म्हणजे नाही.

एकट्या जाणाऱ्या स्त्रियांनी स्त्रियांनीच लिहिलेले अनुभव शोधावेत. पुरुषांनी दिलेला ‘अगदी सुरक्षित आहे’ हा शेरा त्यांच्या कामाचा नाही.

सातवी पायरी: कागद

पारपत्राची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने असावी. ई-व्हिसासाठी शोधयंत्रावर वरती आलेल्या दुव्यावर जाऊ नका, हुबेहूब दिसणारी दलालांची पानं असतात. त्या देशाच्या परराष्ट्र खात्याच्या किंवा दूतावासाच्या पानावरूनच अर्जापर्यंत जा. किर्गिझस्तानसाठी भारतीयांना ई-व्हिसाची सोय आहे. शेजारच्या कझाकस्तानने २०२२ पासून भारतीयांना १४ दिवस व्हिसाशिवाय राहू दिलं आहे. पण असे नियम बदलतात, म्हणून तिकिटाआधी खात्री करा.

व्हिसा मिळाला म्हणजे सगळा देश खुला झाला असं नसतं. अरुणाचलला आपल्यालाही इनर लाइन परमिट लागतं, तसंच तिकडेही असतं. किर्गिझस्तानात चीनच्या सीमेजवळच्या केल-सू सरोवरासाठी वेगळा सीमापरवाना लागतो. ताजिकिस्तानात पामीरला जाताना बदख्शान प्रांताचा परवाना लागतो.

बोसुमत्वीला जाणार असाल तर घानासाठी पिवळ्या तापाची लस सक्तीची आहे. ती प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. तिचं प्रमाणपत्र नसेल तर भारतात परतल्यावर विलगीकरणात ठेवतात. विमा घेताना डोंगरातून बाहेर काढण्याचा खर्च आणि तुम्ही जाणार त्या उंचीवरची पदभ्रमंती त्यात धरली आहे का, ही दोन कलमं वाचा. बाकीची जाहिरात वाचली नाही तरी चालेल.

आठवी पायरी: पोट आणि पैसा

मध्य आशियात शाकाहारी माणसाची पंचाईत होते, हे खरं आहे. मांस दिसत नसलं तरी सूपचा रस्सा मांसाचाच असतो. रशियनमध्ये ‘बेज म्यासा’ म्हणजे ‘मांसाशिवाय’ एवढं पाठ करा आणि घरमालकिणीला आदल्या रात्रीच सांगा. ताजी तंदुरी रोटी, घट्ट साय, मध, अक्रोड, टोमॅटो-काकडी आणि चहा यांवर सकाळ उत्तम निघते. भोपळ्याचं सारण भरलेले मांती, म्हणजे मोमोसारखा वाफवलेला पदार्थ, हेही मिळू शकतात. सोबत मेतकूट, कोरडी चटणी आणि दडपायला पोहे ठेवलेत तर संध्याकाळचीही चिंता नाही. ओशमध्ये हजारो भारतीय विद्यार्थी वैद्यकीय शिक्षण घेतात, त्यामुळे तिथे डाळ-भात देणाऱ्या खानावळी सापडतात. पुढे जाण्याआधी तिथे एक दिवस थांबा. सुलेमान-तू या पवित्र डोंगरावर चढा. तिथे बाबराने तरुणपणी छोटीशी खोली बांधून घेतली होती.

सोम, म्हणजे तिथलं चलन, रोख ओशमध्येच काढून घ्या, गावात कार्ड चालेल असं धरू नका. डॉलर नेत असाल तर नोटा कोऱ्या आणि न दुमडलेल्या असाव्यात.

नववी पायरी: गावात वागायचं कसं

अर्स्लनबोब हे श्रद्धाळू मुस्लिम गाव आहे. अंग झाकणारे कपडे घाला, गावात दारू पिऊ नका. रानात खाली पडलेला अक्रोडही कुणाच्या तरी हिश्श्याचा असतो, विचारल्याशिवाय उचलू नका. विचारलंत तर बहुधा ओंजळभर मिळतात. वेचणीच्या दिवसांत छायाचित्रं काढण्याआधी थोडा वेळ सोबत वेचा, मग कॅमेरा बाहेर काढा.

कोकणच्या सड्यावर हेच नियम वेगळ्या रूपात येतात. कातळशिल्पांवर पाय देऊ नका. फोटोत रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडू किंवा चुना भरायचा मोह आवरा. हजारो वर्षं टिकलेली खोदाई अशाने झिजते.

दहावी पायरी: परत आल्यावर

तुम्हाला माहिती शोधायला जो त्रास झाला तो पुढच्याला होऊ नये, एवढं काम करा. ओपनस्ट्रीटमॅपवर चुकलेला रस्ता दुरुस्त करा, गाड्या कुठून सुटतात ती जागा खुणेने दाखवा. मराठीत लिहा आणि भाडं, मुक्कामाचा दर, रस्त्याची अवस्था यांपुढे महिना आणि वर्ष न विसरता घाला. तारीख नसलेली माहिती दोन वर्षांत दिशाभूल करू लागते. नाजूक जागेचं अचूक स्थान मात्र जाहीर टाकण्याआधी तिथल्या लोकांना विचारा. अर्स्लनबोबसारख्या गावाला पाहुणे हवे आहेत आणि त्यांची सोय लावायला तिथे व्यवस्था आहे. एखाद्या गुहेतल्या चित्रांना किंवा पक्ष्यांच्या वसाहतीला तसं कुणी नसतं. तिथे जिल्ह्याचं नाव पुरे.